मागे घेतलेला विक्रम : एका जलतरणपटूच्या वारशाचं प्रकरण

हे प्रकरण एका जलतरण क्लबमधलं आहे. नावं, ठिकाण आणि शर्यतीच्या नेमक्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत. वेळ दिली तर जाणकाराला दोन मिनिटांत माणूस सापडतो. काही बारीक तपशीलही ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत. जिच्याभोवती हे सगळं घडलं तिला क्लबात लहानथोर सगळेच ताई म्हणत, म्हणून इथंही ती ताईच. क्लबच्या विक्रमांची नोंदवही तेव्हा माझ्याकडे होती, त्यामुळे पुढं येणाऱ्या चुकांपैकी काही माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

ताई सातव्या वर्षी पाण्यात उतरली. बाराव्या वर्षापर्यंत तिची शर्यत ठरली होती, २०० मीटर बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढं टाकत पोहायची. ही शर्यत सहसा कोणी हौसेनं निवडत नाही. पहिले १०० मीटर छान जातात. तिसऱ्या पन्नासात खांदे बोलायला लागतात. चौथ्या पन्नासात हात पाण्याबाहेर निघेनासे होतात, कंबर खाली जाते, आणि कंबर एकदा खाली गेली की प्रत्येक फेरीला आपलंच अंग आपण ओढत नेतोय असं वाटतं. ताई शर्यती जिंकायची त्या याच चौथ्या पन्नासात. दीडशेच्या टर्नला, म्हणजे भिंतीपाशी वळताना, ती बहुधा दुसरी किंवा तिसरी असायची, आणि काठावरचे लोक शांतपणे बघत बसायचे, कारण पुढं काय होणार ते सगळ्यांना माहीत असायचं.

तिच्या ऐन भराच्या काळातच जलतरणातला सगळ्यात वादग्रस्त बदल आला. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडो कंपनीनं एलझेडआर रेसर हा सूट बाजारात आणला. त्यात पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे पट्टे होते, शिवणीऐवजी अल्ट्रासोनिक जोड होते, आणि अंग असं आवळलं जायचं की पाण्याला अडायला जागाच कमी उरायची. त्या वर्षीच्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तलावातले २५ जागतिक विक्रम झाले. पुढच्याच वर्षी जेकेड आणि अरीना या कंपन्यांचे जवळजवळ पूर्ण पॉलियुरेथेनचे सूट आले. रोमच्या २००९ च्या जागतिक स्पर्धेत ४३ जागतिक विक्रम मोडले. जर्मनीच्या पॉल बीडरमाननं तिथं २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये मायकेल फेल्प्सला हरवलं आणि सूटमुळे फरक पडला हे स्वतःच मोकळेपणानं मान्य केलं.

ताईनंही २००९ मध्ये तसाच सूट घातला. घालायला अर्धा तास लागायचा. पाय सरकावेत म्हणून पावलांवर प्लास्टिकची पिशवी चढवायची, दोघी मैत्रिणींनी दोन बाजूंनी ओढायचं, आणि नख लागून फाटला की संपलं. त्या सूटमध्ये तिनं राष्ट्रीय विक्रम केला, आणि तोच क्लबचाही विक्रम झाला. बटरफ्लायच्या शेवटच्या पन्नासात कंबर वर राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी ही शर्यत पोहली आहे त्यांना सांगायला नको. तो सूट नेमकं तेच करायचा.

रोममध्येच जुलै २००९ मध्ये जागतिक संघटनेच्या, म्हणजे तेव्हाच्या फिनाच्या, सभेत १६८ विरुद्ध ६ मतांनी ठरलं की पुढं फक्त कापडी सूट चालतील. १ जानेवारी २०१० पासून नियम लागू झाला. पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.

२०१० च्या हंगामात ताई जवळजवळ तीन सेकंदांनी मागे गेली. जगभर हेच चाललं होतं, पण क्लबच्या काठावर जगाचा विचार कोण करतो? ‘सूट गेला, ताई संपली’ हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, आणि तिनंही ऐकलं असणार. उजवा खांदा तेव्हाच दुखायला लागला होता. २०११ मध्ये तिनं कापडी सूटमधली आपली सगळ्यात चांगली वेळ दिली, ती २००९ च्या विक्रमाहून दीड सेकंदापेक्षा थोडी जास्त होती. त्या शर्यतीला टाळ्या यथातथाच पडल्या. २०१२ नंतर तिनं स्पर्धा सोडली.

मग दहा-अकरा वर्षं ती त्याच तलावावर शिकवत होती. मोठ्या स्पर्धांच्या तुकडीपेक्षा तिला नवशिक्यांची तुकडी आवडायची, आणि त्याहूनही पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांची. चाळिशी गाठायच्या आत आजारानं ती गेली.

तलावाच्या भिंतीवर रंगानं लिहिलेला विक्रमांचा फलक होता. त्यावर शर्यत, नाव, वेळ, वर्ष असे चार रकाने होते आणि बाकी काही नव्हतं. या सगळ्या गोष्टीत त्या चार रकान्यांचा वाटा मोठा आहे.

त्या दिवशी काय झालं

ताईच्या पहिल्या स्मृतिदिनी क्लबनं तिच्या नावानं स्पर्धा ठेवली. आई आली होती, भाऊ आला होता, जुने खेळाडू आले होते. दुपारी मुलींची २०० मीटर बटरफ्लाय झाली आणि ताईच्याच हाताखाली तयार झालेल्या सोळा वर्षांच्या मुलीनं ती जिंकली. फळ्यावर वेळ दिसताच तिनं पाण्यात मूठ आपटली आणि ओरडली, “ताईंचं मोडलं!”

तिचा कोच धावत माइककडे गेला. निवेदकानं जाहीर केलं की ताईंच्या स्मृतिस्पर्धेत ताईंचाच विक्रम त्यांच्या शिष्येनं मोडला. सगळे उभे राहिले. आई खाली आली, ओल्या मुलीला तशीच जवळ घेतली. फोटो निघाले.

नोंदींच्या टेबलावर मी बसलो होतो. फलकावरची वेळ मला पाठ होती, आणि मुलीची वेळ तिच्यापेक्षा सेकंदाहून जास्त मागे होती. मी वहीत पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि स्पर्धाप्रमुखांना चिठ्ठी पाठवली. दहा मिनिटांनी, पुढच्या शर्यतीच्या आधी, त्याच माइकवरून तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगण्यात आलं की मघाची घोषणा चुकीची होती.

मुलीला एक वेळ माहीत होती. सरावाच्या वेळी ताईनंच ती सांगितली होती, ‘माझी वेळ’ म्हणून. ती वेळ २०११ ची होती. मुलीनं दोन वर्षं त्या आकड्याचा पाठलाग केला आणि तो तिनं मोडलाही होता. भिंतीवर वेगळा आकडा आहे याकडे तिनं कधी बघितलंच नव्हतं. सोळाव्या वर्षी ताईचा शब्द असताना भिंत कोण वाचतं?

प्रश्न नेमका कोणता होता

तीन दिवसांनी बैठक झाली. मुलीचे वडील पत्र घेऊन आले होते. पत्राचा आशय असा, की २००९ चे विक्रम बंदी आलेल्या सूटमधले आहेत, आजच्या मुलांना तो सूट घालताच येत नाही, तेव्हा ते विक्रम फलकावरून काढा, निदान त्यांच्यापुढं तारांकित खूण तरी करा. ताईचा भाऊ समोरच बसला होता. तो एवढंच म्हणाला, “म्हणजे ती फसवून जिंकली, असं भिंतीवर लिहिणार का तुम्ही?”

त्यानंतरचा पाऊण तास कोणीच कोणाचं ऐकलं नाही.

भावाचं म्हणणं चूक नव्हतं. २००९ मध्ये तो सूट पूर्णपणे नियमात होता. तिच्या शेजारच्या लेनमधल्या मुलींनीही तसेच सूट घातले होते, आणि त्यात शेवटचे पन्नास मीटर पोहायला अंग ताईचंच लागत होतं. वडिलांचंही चूक नव्हतं. आजची मुलगी वेगळ्या अटींत पोहते. मग दोघंही बरोबर असताना भांडण कशाचं?

घरी जाताना मला वाटलं की आपण भलत्याच प्रश्नाचं उत्तर शोधतोय. ‘ताईचा विक्रम खरा का?’ हा प्रश्नच नव्हता, कारण तो खराच होता. आपला फलक वेळ सांगतो पण ती कुठल्या परिस्थितीत झाली ते सांगत नाही, अडचण इथं होती. दोन माणसं एकच आकडा बघून दोन वेगळ्या गोष्टी वाचत होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. त्याला आधार भक्कम होता, कारण फिनानंही २००९ नंतर जागतिक यादीत कुठलीही खूण केली नाही. विक्रम तसेच ठेवले आणि काळावर सोपवले. काळानं हळूहळू काम केलंही. बंदीनंतरचा ५० मीटर तलावातला पुरुषांचा पहिला वैयक्तिक जागतिक विक्रम व्हायला जुलै २०११ उजाडला. शांघायमध्ये रायन लॉक्टीनं २०० मीटर वैयक्तिक मेडलेमध्ये, म्हणजे पोहण्याचे चारही प्रकार एकापाठोपाठ येणाऱ्या शर्यतीत, तो केला. सीझर सिएलोचा १०० मीटर फ्रीस्टाइलचा ४६.९१ हा २००९ चा विक्रम २०२२ मध्ये डेव्हिड पोपोविचीनं मोडला. फेडेरिका पेलेग्रिनीचा २०० मीटर फ्रीस्टाइलचा विक्रम २०२३ पर्यंत टिकला, तो मॉली ओ'कॅलाहननं मोडला. बीडरमानचा ४०० मीटरचा विक्रम तर २०२५ मध्ये गेला. पण जगभरातल्या उत्तमांना जे मोडायला तेरा-पंधरा वर्षं लागली, ते एका क्लबात कधी मोडणार? पन्नास वर्षंही लागतील. तोवर दर पिढीतली एखादी मुलगी अशीच रडणार.

दुसरा पर्याय तारांकित खुणेचा. सोपा, स्वस्त, आणि सगळ्यात वाईट. नावापुढची खूण वाचणारा तळटीप वाचत नाही. त्याला एवढंच कळतं की या माणसाचं काहीतरी होतं.

तिसरा पर्याय सगळं पुसून नव्यानं सुरुवात करण्याचा. इतर खेळांत हे झालेलं आहे. १९८४ मध्ये उवे होननं भाला १०४.८० मीटर फेकला, मैदान पुरेना अशी वेळ आली, आणि १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याची रचनाच बदलली. तेव्हा विक्रमांची यादी नव्यानं सुरू झाली. वेटलिफ्टिंगमध्ये वजनगट बदलले की विक्रमही नव्यानं धरतात. जलतरणानं मात्र सहसा तसं केलेलं नाही. मार्क स्पिट्झनं १९७२ मध्ये सात सुवर्णपदकं पोहण्याचा चष्मा न लावता जिंकली, कारण ऑलिम्पिकमध्ये चष्म्याला परवानगी १९७६ पासून मिळाली. बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे पाठीवर पोहण्यात, पाण्याखालून किती अंतर जायचं यावर १९८८ नंतर मर्यादा आली, बटरफ्लायमध्ये १९९८ मध्ये. सुरुवातीच्या ठोकळ्यावर मागचा पाय टेकवायची तिरपी पट्टी सूटबंदीच्याच सुमाराला आली, आणि ती आजही आहे. प्रत्येक वेळी पुसत बसलो असतो तर फलकावर नाव उरलं नसतं.

चौथा पर्याय दोन याद्यांचा. कापडी सूटची एक, दुसऱ्या सूटची एक. हा जवळजवळ ठरलाच होता. मग आमच्यातल्या एका जुन्या पंचांनी विचारलं, “कोणी काय घातलं होतं ते कुणाला आठवतंय?”

ठरलं काय, केलं काय

त्या प्रश्नानं महिनाभराचं काम निघालं. फलकावर ३४ वैयक्तिक विक्रम होते, १७ मुलांचे आणि १७ मुलींचे. प्रत्येकाची मूळ निकालपत्रिका शोधायची असं ठरलं. ताईचा एकटीचा विषय काढायचा नाही, सगळा फलक एकदम तपासायचा, हा या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात बरा निर्णय. तो शहाणपणातून आला म्हणावं तर तसंही नाही. भावाच्या समोर पुन्हा फक्त ताईची फाईल उघडायची कोणाची छाती नव्हती.

तपासणीत जे निघालं त्यानं सगळ्यांचीच बोलती बंद झाली. दोन विक्रम २५ मीटरच्या तलावातले होते आणि ५० मीटरच्या यादीत बसले होते. लहान तलावात टर्न दुपटीहून जास्त, दर टर्नला भिंतीचा ढकल मिळतो, म्हणून वेळ कमी लागते, आणि म्हणूनच ते विक्रम वेगळे धरतात. जुने बरेचसे विक्रम हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेले होते. हाताच्या घड्याळाचं काय होतं हे १९६० च्या रोम ऑलिम्पिकनं जगाला दाखवलंय. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये लान्स लार्सनच्या तिन्ही घड्याळांची वेळ कमी होती, तरी पंचांनी सुवर्ण जॉन डेव्हिटला दिलं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये टचपॅड, म्हणजे हात लागताच वेळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या पट्ट्या, आले ते या पार्श्वभूमीवर. यंत्राचंही अती झालं ते १९७२ मध्ये. ४०० मीटर मेडलेत गुन्नार लार्सननं टिम मॅकीला ०.००२ सेकंदानं हरवलं, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की दोन लेनच्या लांबीत त्याहून जास्त फरक असू शकतो. तेव्हापासून शंभरांशावर थांबतात.

थोडक्यात, आमच्या फलकावर सूटचाच काय, तलावाचा आणि घड्याळाचाही मेळ नव्हता. वीस वर्षं सगळे त्याखालून जात होते.

सूटचं कोडं मात्र सुटलं नाही. निकालपत्रिकेवर कपड्याची नोंद नसते. फोटो थोडेच होते. एकानं सांगितलं की २००८ मध्ये त्यानं साधाच सूट घातला होता, दुसरा म्हणाला की तो सूट त्यानंच याला उसना दिला होता. माणसागणिक निवाडा करायला बसलो असतो तर क्लबच फुटला असता. म्हणून पाचवा पर्याय निघाला. माणूस बघायचा नाही, तारीख बघायची. प्रत्येक शर्यतीपुढं दोन ओळी, एक ३१ डिसेंबर २००९ पर्यंतची आणि एक १ जानेवारी २०१० पासूनची. प्रत्येक नोंदीपुढं पूर्ण तारीख, तलावाची लांबी, आणि वेळ हातानं घेतली की यंत्रानं. सूट हा शब्द फलकावर कुठंच नाही. खूण नाही, तळटीप नाही.

या रचनेत २०० मीटर बटरफ्लायच्या दोन्ही ओळींत ताईचंच नाव येत होतं. वरच्या ओळीत २००९, खालच्या ओळीत २०११. आणि खालची ओळ त्या मुलीनं स्मृतिस्पर्धेत मोडली होती.

कुटुंबाकडे मी आणि जुने पंच गेलो. या वेळी मुलीच्या वडिलांना बरोबर नेलं नाही. मी समजावताना एक मुद्दा जोर देऊन मांडला. म्हणालो, ताईनं स्वतःच त्या मुलीला २०११ ची वेळ ‘माझी वेळ’ म्हणून सांगितली होती. म्हणजे आपली खरी वेळ कोणती, हे तिनंच ठरवून ठेवलं होतं, आणि आम्ही फक्त तिच्या मनातलं भिंतीवर लिहितोय. आईचे डोळे भरून आले. भाऊ काही बोलला नाही, पण त्यानं नाहीही म्हटलं नाही. हेच वाक्य मी पुढं ठरावात घातलं आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

परिणाम

नवा फलक लागला. मुलीला कार्यालयात बोलावून, माइकशिवाय, प्रमाणपत्र दिलं. तिनं ते घेतलं, आभार मानले, आणि पुढच्या हंगामात २०० मीटर बटरफ्लाय सोडून मेडलेकडे वळली. त्या दिवसाचा याच्याशी काय संबंध, हे तिनं कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

भाऊ दुसऱ्या वर्षीच्या स्पर्धेला आला नाही. आई आली.

२०१० नंतरच्या ओळी भरताना पहिल्या तीन-चार वर्षांच्या निकालपत्रिका अपुऱ्या निघाल्या, त्यामुळे काही शर्यतींच्या खालच्या ओळी कोऱ्या राहिल्या आणि काहींमध्ये फारच साध्या वेळा बसल्या. लगेच दोन-तीन लहान मुलांनी ‘क्लबचे विक्रम’ केले. पालक खूश झाले, कोच लोक गालात हसले.

सगळ्यात बोचरं पत्र आलं ते एका जुन्या खेळाडूकडून. तिचा २००६ चा विक्रम २००८ मध्ये दुसरीनं मोडला होता, आणि मोडणारीनं नवा सूट घातला होता हे तिला चांगलं आठवत होतं. आमच्या दोन ओळींत वरच्या ओळीत ती दुसरी होती. खालच्या ओळीतली वेळ या बाईंच्या २००६ च्या वेळेपेक्षा मागे होती. म्हणजे कापडात पोहून सगळ्यात वेगवान असूनही तिचं नाव फलकावर कुठंच नव्हतं. तिनं विचारलं होतं, “मी कुठं बसते?” तीन ओळी केल्या तर? त्यावरही बोललो. पण २००८ च्या आधीचे कापडी सूट म्हणजे आजचे सूट नव्हेत. इयान थॉर्पनं २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये घातलेला सूट मनगटापासून घोट्यापर्यंत होता. तेव्हा तीनवर तरी कसं थांबणार? आम्ही तिला लिहिलं की तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि आमच्याकडे त्याला जागा नाही. ते पत्र लिहिताना मला लाज वाटली होती, अजूनही वाटते.

पुन्हा करायचं झालं तर

विक्रमाची घोषणा नोंदींच्या टेबलावरून चिठ्ठी आल्याशिवाय करायची नाही, हा नियम आता आहे. पण चूक झाल्यावर ती दुरुस्त कशी करायची, याचा नियम अजून नाही, आणि खरी जखम तिथं झाली. ती दहा मिनिटं माझ्या हातात होती. मी चिठ्ठी पाठवण्याऐवजी उठून त्या मुलीकडे आणि आईकडे जायला हवं होतं. माइकवरची दुरुस्ती संध्याकाळीही चालली असती. टेबल सोडायचं नाही ही शिस्त मी नको तिथं पाळली.

पहिली बैठक तीन दिवसांत, आणि दोन्ही बाजूंना एकाच खोलीत बोलावून घेणं ही दुसरी चूक. आधी निकालपत्रिका तपासल्या असत्या, तर फलक सगळ्यांसाठीच अपुरा आहे हे घेऊन बसता आलं असतं. आम्ही मात्र भावासमोर एकट्या ताईचं नाव ठेवलं.

आणखी एक गोष्ट. ताई दहा वर्षं त्या फलकाखाली उभी राहून शिकवत होती. तपासणी करायचं एखाद्या पावसाळ्यात मनात आलं असतं, तर तिलाच विचारता आलं असतं. नोंदवही माझ्याकडे, विचारायचं काम माझं, आणि मी तिला दहा वर्षांत फार तर लेनच्या दोऱ्यांबद्दल विचारलं असेल.

आता ठरावातल्या त्या वाक्याविषयी. फलक लागल्यावर काही महिन्यांनी त्याच तुकडीतला एक मुलगा माझ्याजवळ थांबून फलक वाचत होता. २०० मीटर बटरफ्लायच्या वरच्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, “मला ताईंनी ही सांगितली होती.” म्हणजे २००९ ची. मी आणखी चार-पाच जणांना विचारलं. कुणाला २०११ ची वेळ सांगितली होती, कुणाला २००९ ची, आणि एका दमेकरी मुलीला ताईनं आपली तेराव्या वर्षीची वेळ ‘माझी वेळ’ म्हणून दिली होती.

आपली खरी वेळ कोणती याबद्दल ताईनं काहीएक ठरवून ठेवलेलं नव्हतं, किंवा ठेवलं असलं तरी आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. ज्या युक्तिवादावर आईचे डोळे भरून आले आणि ठराव एकमतानं मंजूर झाला, तो मी माझ्या सोयीनं ताईच्या तोंडी घातला होता. तारखेची ओळ आपल्या पायावर उभी राहिली असती, तिला ताईच्या सहीची गरज नव्हती.

हे मी आईला जाऊन सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग हसल्या. “तेराव्या वर्षीची?” त्या म्हणाल्या. “तेव्हा तर ती शेवटून दुसरी यायची.”

पुढच्या बैठकीत ठरावातलं ते वाक्य काढलं. फलक तसाच आहे.